निळा पट्टा निघत नाही

सें पिएरच्या गॅरेजातला माझा पहिला दिवस केकच्या वासात गेला. तो वास मीच केला होता, आणि चुकून केला होता. पण ती चूक एकट्या माझी नव्हती, असं मी आजही म्हणतो.

आधी काम काय होतं ते सांगतो. ऐंशी सालच्या आसपास मॉरिशसमध्ये जपानहून नव्या गाड्या बोटीनं यायच्या. वाटेत खारी हवा लागून गंज चढू नये म्हणून कारखानेवाले अख्ख्या गाडीला मेण फासून पाठवत. टपाला, बॉनेटला, दारांना, आणि पुढच्या काचेलासुद्धा. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेली नवी गाडी बघितली की वाटायचं, कुणीतरी हिला तुपात बुडवून थिजायला ठेवलीय. ते मेण उतरवायचं आणि गाडी चकचकीत करून शोरूमला परत द्यायची, हे काकांच्या गॅरेजचं काम. पत्र्यावरचं मेण कुणीही काढेल. काचेवरचं काढणं अवघड. पत्र्यावर थोडं राहिलं तर उलट चमकतं. काचेवर राहिलं तर पहिल्या पावसात वायपर फिरतो आणि समोर दूध सांडल्यासारखं होतं. आमच्या सें पिएर गावी तर पाऊस विचारून येतच नाही. उसात असतो, तिथून थेट अंगावर.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. ते मॉरिशसचेच. त्यांच्या पणज्याला कोकणातून ऊस तोडायला बोटीनं आणलेलं. एकदा ते मूळ गाव शोधत चिपळूणकडे आले, तेव्हा त्यांच्या खिशात एक चिठ्ठी होती. गावाचं नाव कुणा गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं तिच्यावर लिहिलेलं. त्या नावाची आमच्या भागात निदान तीन गावं निघाली असती. काका आमच्या गावात आले, कारण एसटी तिथं बंद पडली. माझ्या वडिलांनी त्यांना चहा पाजला. काकांनी वडिलांकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये तर आमच्या बाचं नाक हाय." झालं. नाकावरून भावकी ठरली. मी आठवीत नापास होऊन शाळा सोडलेली, चिपळूणला एका गॅरेजात गाड्या धूत होतो, वय तेवीस. परत जाताना काका मला घेऊन गेले. इतके उपकार माझ्यावर दुसऱ्या कुणी केलेले नाहीत. म्हणूनच मला सारखी धास्ती असायची की बाकीच्या दोन गावांपैकी कुठंतरी याहून जास्त जुळणारं नाक निघेल.

तर पहिला दिवस. काकांनी काचेवर बोट फिरवलं, म्हणाले, "हितं जरा लेसांस लाव, मंग फडक्यानं पूस," आणि ते निघून गेले.

लेसांस म्हणजे इसेन्स, एवढं मला लगेच कळलं. कळल्याचा आनंदही झाला. काचेला इसेन्स कशाला, हा प्रश्न पडला, पण मी तो बाजूला ठेवला. परदेश आहे, पुढारलेले लोक आहेत, लावत असतील. गॅरेजच्या मागेच घर होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन काकीला म्हणालो, "काकी, काकांनी लेसांस मागितलाय."

"कंचा?" काकी म्हणाली. "वानियचा?"

आता ती स्वतःच विचारतेय म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार? "असेल," मी म्हणालो.

तिनं कपाटातून व्हॅनिलाची बाटली काढून दिली. "दोन थेंब बास हां. लय घालू नको, कडू होतंय."

काच केवढी, बाटली केवढी. मी अर्धी ओतली. चांगली घासून घासून लावली. मेण तसंच राहिलं, वर व्हॅनिला बसला. थोड्या वेळानं काका आले, दारातच थांबले, नाक वर केलं. तेच ते ऐतिहासिक नाक. "गातो कोन भाजतंय?" त्यांनी विचारलं. गातो म्हणजे केक. गॅरेजात एक क्रेओल मेकॅनिक होता. त्यानं माझ्या हातातली बाटली बघितली आणि तो आधी टायरवर बसला, मग टायरवरून खाली बसला. त्याचं हसणं इतकं लांबलं की शेजारच्या दुकानातली माणसं बघायला आली.

मग कळलं की मॉरिशसमध्ये लेसांस म्हणजे आपलं पेट्रोल. पंपावर मिळतं ते. आणि काकीच्या कपाटातला अर्क हासुद्धा लेसांसच. म्हणजे काकाही बरोबर, काकीही बरोबर. चुकलो तो मीच.

इथं माझ्या जागी शहाणा माणूस असता तर त्यानं लगेच पुढचा प्रश्न विचारला असता: लेसांस म्हणजे पेट्रोल, तर मग इथं पेट्रोल म्हणजे काय? मी विचारला नाही. आठवड्यानं काका म्हणाले, "आज काच पेत्रोलनं पूस. मऊ पडतंय मेण." मला वाटलं, चला, माझ्यासाठी काका आपलं मराठी बोलायला लागले. मी गाडीच्या टाकीतून नळी लावून बादलीभर पेट्रोल काढलं आणि काच, बॉनेट, खिडक्या सगळं न्हाऊ घातलं. मेण झकास सुटत होतं. मी खूश होतो. तेवढ्यात मेकॅनिक सिगरेट पेटवून आत आला. दोन पावलं आला, हुंगलं, आणि सिगरेट त्यानं साबणाच्या पिंपात अशी फेकली की अर्धा साबण त्याच्याच अंगावर आला. "की तो पे फेर?" तो ओरडला. काय करतोयस तू? त्यानंतर तो जे बोलला त्यातलं मला काही कळलं नाही, पण त्यात माझी आई असावी असा अंदाज आहे.

पेत्रोल म्हणजे रॉकेल. काकी कितीदा म्हणायची, पेत्रोल संपलं, भात अर्धा कच्चा ऱ्हायला. मी ते ऐकून मनात हादरलेलो असायचो आणि जेवताना स्टोव्हपासून जमेल तितका लांब बसायचो. काकीला वाटायचं, पोराला लाज वाटते.

हे सगळं होऊनही काकांनी मला ठेवून घेतलं. काम शिकवलं. रॉकेल लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मग गरम साबणाचं पाणी, मग कडेच्या रबरापाशी ब्लेडचा कोपरा, अगदी निजवून, आणि शेवटी व्हिनेगर आणि वर्तमानपत्र. पुसून झाल्यावर काचेवर तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी थेंब थेंब होऊन एकमेकांपासून पळालं तर समजायचं मेण आहे. सरळ चादरीसारखं उतरलं तर काच साफ. काका म्हणायचे, "पानी घाबरलं नाय पायजे." पाण्याचं सोडा, तांब्या हातात घेतला की मीच घाबरायचो. पण दोन वर्षांत माझ्या काचांवरचं पाणी निर्धास्त झालं. शोरूमवाले काकांना म्हणायला लागले, काचा तुमच्याकडच्याच चांगल्या.

आणि मग तो कागद आला.

मी परका माणूस. मला कामावर ठेवायला सरकारची परवानगी लागायची आणि ती त्या वर्षी संपत होती. नवीन मिळवायची तर मालकानं छापील पत्र भरून द्यायचं, आणि पत्रात एक प्रश्न होता: या माणसाला असं कोणतं काम येतं जे इथल्या माणसाला येत नाही? सरकारचं काही चुकत नव्हतं. इथलीच पोरं बेकार फिरत होती. बेटाच्या उत्तरेच्या पितोंपासून दक्षिणेच्या सुरिनाम गावापर्यंत प्रत्येक घरात एक तरी. मला उत्तर देता येत नव्हतं, एवढंच.

जेवताना काकांनी कागद पुढं ठेवला. "बोल. तुला काय येतं?"

"काच पुसता येते, काका."

"ती काकीलाबी येती."

"माजी जास्त चकाकती," काकी आतून म्हणाली.

काकांनी पेन टोपणात घातलं. उत्तराची ओळ रिकामीच राहिली. पत्र सोमवारी द्यायचं होतं. नाही दिलं तर मला घरी जावं लागणार. घरी माझा पाटच मांडून ठेवला होता असं नाही. येताना गावानं मला पाणंदीपर्यंत पोचवलं होतं, तीन माणसं रडली होती, पाच नारळ मिळाले होते. दोन वर्षांत काच पुसून परत आलो तर नारळ कुणी परत मागणार नाही, पण बघतील मात्र तसं.

शेवटी काकांनी तोड काढली. काकीची एक थोरली मावसबहीण सुरिनामला राहायची. तिचा मुलगा कात्र बोर्नला राहायचा, सरकारी खात्यात मोठा साहेब, फ्रेंच असं लिहायचा की वाचणारा उभा राहायचा. योग असा की त्यानं शोरूममधून नवी लाल गाडी घेतली होती आणि ती नेमकी आमच्याकडे मेण काढायला येत होती. शनिवारी तो गाडी न्यायला येणार. "गाडी बगून खूश झाला," काका म्हणाले, "की त्येच्याकडनंच लिवून घेऊ. तवा काच अशी कर की काच हाय का नाय त्येच कळलं नाय पायजे."

बुधवारी गाडी आली. सकाळभरात मी मेण उतरवलं, पाणी ओतलं, पाणी चादरीसारखं उतरलं. मी मागे सरून बघितलं. काचेच्या वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर रुंदीचा निळा-हिरवा पट्टा होता. वर गडद, खाली येता येता विरलेला. उरलेली काच लख्ख, आणि कपाळावर हा डाग.

मी पुन्हा रॉकेल लावलं. पाचाऐवजी पंधरा मिनिटं थांबलो. ब्लेड फिरवलं. ब्लेडवर काही आलं नाही. लेसांस लावलं, यावेळी पंपावरचं. दोन व्हिनेगरच्या बाटल्या संपवल्या. दुपारी मेकॅनिक आला, त्यानं नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाला, हे मेण नव्हे, रंग आहे, कारखान्यात उडाला असणार. त्यानं थिनर लावला. रंग हललासुद्धा नाही. संध्याकाळी काकांनी बाह्या सरसावल्या आणि अर्धा तास घासून स्वतःचा खांदा धरला.

गुरुवारी मला वाटलं की डाग आतल्या बाजूनं असणार. मी पुढच्या सीटवर उताणा झोपलो, पाय खिडकीतून बाहेर काढले आणि नाकापाशी काच घेऊन घासत राहिलो. काकी चहा घेऊन आली, तिनं आधी माझे पाय बघितले, मग पट्टा. "चिंच लाव," ती म्हणाली. "पितळ्याला लागती." चिंच लावली. काचेला चिंच लावणारा जगातला मी पहिला असेन. मग मी राख आणायला निघालो तेव्हा मात्र तिनं हात धरला. "राखेनं घासलंस तर काच आंधळी हुईल. बावळाट."

शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली होती. ऊन पडलेलं होतं. मी दारात उभा राहून एक हात काचेच्या बाहेरून आणि एक आतून टेकवून नुसता बघत होतो, दमून. आणि मला दिसलं की माझी दोन बोटं समोरासमोर आहेत, पण एकमेकांना चिकटलेली नाहीत. त्यांच्या मध्ये काच आहे, आणि निळा रंग ना या बोटाच्या बाजूला आहे ना त्या. तो दोहोंच्या मध्ये आहे. काच एक नव्हती, दोन होत्या, एकीवर एक चिकटवलेल्या, आणि रंग त्यांच्या आत भरलेला. कारखान्यानं मुद्दाम भरलेला.

मी धावत काकांकडे गेलो. "काका, तो डाग नव्हे! रंग काचेच्या पोटात आहे!"

"काचेच्या पोटात?" काका म्हणाले. "काच काय करंजी हाय?"

मी त्यांना बोटं लावायला लावली. त्यांनी लावली, बघितलं, पुन्हा बघितलं. त्यांना पटलं. पण पटल्यावर ते जास्तच चिंतेत पडले. "हे मला दावायला तीन दिवस लागले," ते म्हणाले. "सायबाला कोन दावनार? त्यो म्हनंल, पुसायला जमलं नाय म्हून कायबी सांगत्यात."

काकीनं त्यावर उपाय काढला. शनिवारी सकाळी तिनं झेंडू आणि आंब्याच्या पानांची एक जाड माळ केली आणि काचेच्या वरच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली. नवी गाडी, माळ हवीच. पट्टा नाहीसा झाला. काकांनी चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि पहिल्यांदा हसले.

साहेब चार वाजता आले. टाय लावलेला, बोलणं सगळं क्रेओल आणि मधूनमधून फ्रेंच. मराठी त्यांना कळायचं, पण तोंडातून येत नसे. बरोबर त्यांची आई, म्हणजे काकीची थोरली मावसबहीण. ती सुरिनामहून खास गाडीची पूजा करायला आली होती. पांढरं सुती लुगडं, डोक्यावरून पदर, हातात काळी छत्री. ती जुनं, चार पिढ्यांपूर्वीचं मराठी बोलायची. मी तिला मावशी म्हणालो. ती मला आपादमस्तक बघून म्हणाली, "तूच काय त्यो हिंदुस्तानचा? बारीक हायस."

पूजा झाली. कुंकू, अक्षता, नारळ. साहेब गाडीभोवती एक फेरी मारून आले, काच बघून मान हलवली. काकांचा हात हळूच वरच्या खिशाकडे गेला, कागद तिथं होता. मी मनात पाच नारळ बोललो.

मग साहेब आत बसले, समोर बघितलं, बाहेर आले आणि माळ सोडायला लागले.

"आवं ऱ्हाऊ द्या," काका धावले. "शुभ असती. घरापतुर ऱ्हाऊ द्या."

साहेब क्रेओलमध्ये म्हणाले की डोळ्यांसमोर झेंडू लोंबत असताना मोकाचा उतार उतरायचा तर शुभ काय होणार? बोलणं अगदी खरं होतं. माळ सुटली.

"की एते सा?" हे काय?

"सा..." काका म्हणाले. "सा..." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

साहेबांनी पट्ट्यावर बोट घासलं, बोटाकडे बघितलं, पुन्हा घासलं. त्यांचा चेहरा बदलला आणि ते काकांवर सुरू झाले. साफ केलं नाही? एवढी वाखाणणी केली ती ह्याचीच? हिंदुस्थानातून माणूस आणलाय म्हणत होता, तो हाच ना?

दोन वर्षांत जमवलेलं माझं क्रेओल या कामाला पुरणारं नव्हतं. समोर मराठी समजणारं एकच शांत माणूस होतं, मावशी. मी हात जोडून तिच्याकडे वळलो. आता आमच्याकडे पापुद्र्याला, थराला, पदर म्हणतात. मला दुसरा शब्द सुचलाच नाही.

"मावशी, आईशप्पथ, मी तीन दिवस पदर काढायचा प्रयत्न करतोय. निघतच नाही."

मावशीचा हात डोक्यावर गेला. "कुनाचा?"

"हिचा." मी गाडीकडे हात केला. पण गाडीच्या आणि माझ्या मध्ये काकी उभी होती, नारळाचं ताट घेऊन.

"माज्या भयनीचा?"

ते मी ऐकलंच नाही. मी सुटलो होतो. "आधी बाहेरून काढून बघितला, मग आत झोपून बघितला. मेकॅनिकनं पण हात लावला. काकांनी तर अर्धा तास लावला, शेवटी खांदा धरला त्यांनी. ब्लेडसुद्धा चालवलं, मावशी! सुटतच नाही!"

पहिली छत्री माझ्या खांद्यावर बसली. दुसरी काकांना लागली, अर्धा तासवाल्यांना. मेकॅनिकला यातलं अक्षरही कळलं नव्हतं, पण छत्री वर गेलेली बघून तो दुरुस्तीला आलेल्या एका जीपच्या मागे गेला. काकी मध्ये पडली. "अक्का! अक्का, थांब! त्यो गाडीचं बोलतोय!"

"गाडीला पदर असतोय?"

"त्यांच्या हिंदुस्तानात बोलत्यात तसं. एकावर एक असलं की पदर."

"पोळीला नसतात का पदर, मावशी," मी लांबूनच म्हणालो. "पातळ पातळ? तसे."

"पोलीला?" मावशीनं छत्री खाली केली, पण मिटली नाही. "तुमच्यात पोल्या लुगडं नेसत्यात व्हय?"

काकीला हसू आवरेना. ताटातले तांदूळ सांडले. मावशी अजून ठाम उभी होती, पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि त्या कोपऱ्याच्या आधारानं मी म्हणालो, "मावशी, एक बोट हितं ठेवा. फक्त बोट." मी जिवाच्या आकांतानं इथंऐवजी हितं म्हणालो. तिनं काचेवर बाहेरून बोट ठेवलं. मी आत जाऊन समोर माझं बोट टेकवलं. ती वाकली. एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं.

"रंग मदी हाय," ती म्हणाली.

"होय."

"तुज्या बोटाला नाय, माज्या बोटाला नाय."

"होय, मावशी. दोन काचा आहेत. दोन पद..."

"त्यो शब्द नको," मावशी म्हणाली.

मग ती सरळ उभी राहिली आणि लेकाला म्हणाली, "लेस ली." राहू दे ते. आणि पुढं मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "उनात निगायचं तर बाईमान्सानं डोक्यावरनं घ्यावंच लागतंय. तिच्या कारखानेवाल्यांना अक्कल हाय. पुसून काडतोय म्हनं!"

साहेबांनी टाय मागे टाकला आणि स्वतःचं बोट लावलं. आत मीच होतो अजून, माझं बोट तिथंच. आमच्या दोघांच्या बोटांमध्ये सरकारी खातं आणि आठवी नापास यांच्या मध्ये असते तेवढीच काच होती. ते गाडीत बसले. मला उतरायला जागा नव्हती म्हणून मीही बसूनच राहिलो. उतरतं ऊन समोरून येत होतं. त्यांनी मान खाली केली, डोळे बारीक झाले. मान वर केली, पट्टा डोळ्यांवर आला, डोळे उघडले. पुन्हा खाली. पुन्हा वर.

"आ," साहेब म्हणाले. "आ, बों." म्हणजे, अस्सं होय.

काकांनी ही संधी सोडली नाही. कागद खिडकीतून आत आला. साहेबांनी तो प्रश्न वाचला: असं कोणतं काम, जे इथल्या माणसाला येत नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या सोललेल्या बोटांकडे बघितलं.

"लिव की," मावशी बाहेरून म्हणाली. "बायामान्सांचे पदर वडायला हिंदुस्तानातनं मानूस मागवलाय म्हून."

ह्या वेळी साहेब हसले. नव्या गाडीत बसून, कागद स्टिअरिंगवर ठेवून, ते लिहायला लागले. लिहीतच राहिले. एवढ्या लांब उत्तरासाठी ती ओळ नव्हतीच, ते समासात गेले, मग वळून वर गेले. वाचून दाखवलं तेव्हा फ्रेंच असं वाहत गेलं की काका प्रत्येक स्वल्पविरामाला मान हलवत होते. गाडी गेल्यावर मी काकीला विचारलं, काय लिहिलंय?

"तुजं नाव कळलं," काकी म्हणाली. "बाकी काय कळलं नाय. पन लांब हाय, म्हंजे बरं असंल."

सोमवारी कागद गेला. काही आठवड्यांनी शिक्का मारून परत आला. पुढं दर वर्षी त्याच मजकुराची नक्कल काढून आम्ही देत राहिलो, आणि मी तिथं राहत राहिलो.

त्यात काय होतं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं, वर्तमानपत्रं काच पुसायच्या आधी वाचायची सवय लागून थोडं फ्रेंच उलगडायला लागलं तेव्हा. एका रविवारी मी ती नक्कल काढून एकेक शब्द लावला. लिहिलं होतं की सदर गृहस्थांनी भारतात वाहनांच्या बहुस्तरीय काचांचा विशेष अभ्यास केलेला असून, कोणता स्तर काढावा आणि कोणता काढू नये याचं त्यांचं ज्ञान या बेटावर दुसऱ्या कुणापाशी नाही.

माझ्याबद्दल इतकं खोटं कुणी इतक्या मनापासून लिहिलेलं नाही. मी ते पुन्हा वाचलं, आणि उठून आधी खोलीचं दार लावून घेतलं. उद्या कुणी विचारलं असतं, अभ्यास कुठं केलात, तर मी चिपळूण सांगणार होतो काय?